बरकार

फरवानियाच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी
माझ्या आडनावातला प गळाला.
अरबीत प नाही, कारकून म्हणाला,
आणि कार्डावर परकारची बरकार झाली.
तेव्हापासून दारावरचा पहारेकरी
कधी सोडतो, कधी
पासपोर्ट शेजारी धरून बघत राहतो.

रात्रपाळीला लॅबमध्ये हेच वाचते मी:
सोळा नंबरचा विषाणू,
तीनशे पन्नासाव्या जागी
एक अक्षर बदललेलं.
एवढंच. काना सरकल्याएवढं.

पेशी त्याचा तुकडा हातावर घेऊन
दाराशी येते: हा बघा, ओळखता का?
हात ज्याचे त्याचे,
एक आईकडून, एक बापाकडून.
काही हातांत तुकडा नीट बसतो.
काहींतून निसटतो,
आणि पहारा म्हणतो, काही नाही, जाऊ दे.

लिझेल आणि मी एका खोलीत,
एकाच तव्यावर तिचे मासे, माझी तांदळाची भाकरी.
नवीन किट आलं तेव्हा
दोघींचा नमुना मीच लावला, सहज.
दोघींना सोळा.
दोघींना तेच बदललेलं अक्षर.

वर्षभरानं माझा निघून गेला,
दार न वाजवता.
तिचा राहिला, आणि मूळ धरलं.
वेळेत सापडलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
लिझेल हसली. रात्री भात तसाच ठेवला.

अम्मीला खेडला दोन वर्षं अंगावर जायचं.
उष्णता, म्हणाले. नजर, म्हणाले.
चादरी ती स्वतःच धूत राहिली,
शेवटच्या आठवड्यापर्यंत.

तिचा हात तर माझ्याजवळ आहेच.
मग तुकडा धरला कोणी?

बाप माझ्या जन्माच्या वर्षी
ह्याच किनाऱ्यावर उतरला, परतला नाही.
दोन मनीऑर्डरी, एक ट्रान्झिस्टर.
बाकी त्याचं म्हणून आडनाव होतं,
त्याचंही पहिलं अक्षर इथं गेलं.

तपासता येईल. मशीन तिसऱ्या मजल्यावर आहे.
मी जिना चढत नाही.
शोधनिबंधांतही दर दोन ओळींनी
'कदाचित' असतं.
तेवढं 'कदाचित' मी त्याला देते.
जास्त नाही.

आज धुळीचं वादळ आहे. लिझेलची तारीख.
इस्पितळाच्या दारात पहारेकरी विचारतो,
बरकार?
मी तळहातावर कार्ड धरून उभी.
तो मान हलवतो, मला आत सोडतो.
मागे लिझेल पर्स उपसते आहे,
तिचं कार्ड सापडत नाहीये.