चारशेची गोळी

रात्री अडीचला पोटरीत गोळा येतो.
मी आवाज करत नाही. पायाचा अंगठा ओढून धरतो,
तुटलेलं सूत धरतात तसा, गाठ बसेपर्यंत.
नागमणी झोपेतच विचारते, "नोप्पी?"
आमच्या घरच्या तेलुगूत दुखण्याला एवढाच शब्द.
मी म्हणतो, नाही गं, पाणी पितोय.
नळाला पाणी येऊन चार दिवस झालेत
हे तिलाही ठाऊक.

सहा वर्षं झाली.
आधी कडक भाकरी आमटीत चुरून,
मग मोठ्या पेल्याबरोबर ती मातकट गोळी.
तिच्यामुळेच मी आहे, हे मला कुणी सांगू नये.
पण सकाळी पापण्या अशा सुजतात
की कारखान्यातली पोरं म्हणायची,
"पेंटप्पा, रात्री जास्त झाली काय?"
मी हसायचो.
रक्ताचा कॅन्सर म्हणण्यापेक्षा
एमआयडीसीत दारू बरी.

माझं काम कार्डं पाडायचं. जेकॉर्डची.
आलेखावर मोर, मोराची भोकं,
भोकांची चादर.
एक भोक चुकलं की मोर लंगडा,
एक नाही, हजार मोर.
माग काही विचारत नाही, माग इमानदार असतो.
म्हणून मंगरूळे मॅडमनी कागदावर दोन काड्या काढल्या,
नऊ नंबरचा तुकडा बावीसला चिकटलाय म्हणाल्या,
आणि पुढं बराच वेळ समजावत राहिल्या,
तेव्हा मला पहिल्या रेघेलाच कळलं होतं.
गोळी म्हणजे त्या भोकावरची पट्टी.
रोज नवी लावायची.

परवा पुण्याहून रिपोर्ट आला.
"आकडा चांगलाय," मॅडम म्हणाल्या,
"तुम्ही कसे आहात?"
पाय, पापण्या, पोट,
दुपारी तीनला हातातून पंच गळतो तो थकवा,
सगळं सांगितलं.
दुसरी गोळी आहे म्हणाल्या. दोनदा, रिकाम्या पोटी,
आधी दोन तास, नंतर एक तास काही खायचं नाही,
हृदयाची पट्टी काढायची, साखर बघत राहायची.
आणखी एक आहे,
तिच्यानं कधीकधी फुप्फुसाभोवती पाणी साठतं.
किंवा हीच, जरा कमी करून बघू.
मी चाटी गल्लीतल्या गिऱ्हाइकासारखा बसलो,
तीन थान पुढ्यात
आणि एकही अंगाला लावून बघता येत नाही.
या दुखण्याची वेळ तरी माहीत आहे. अडीच.

मग ते बोललो, जे नागमणीलाही बोललो नव्हतो.
गड्ड्याच्या जत्रेत पाच दिवस गोळी खाल्ली नाही.
लेकीला मोठ्या पाळण्यात बसवायचं होतं,
रांगेत उभं राहायचं होतं, पोटरी न वळता,
इतर बापांसारखं कंटाळून.
पाचव्या रात्री पाय कापसासारखे हलके,
आणि मी भीतीनं टक्क जागा.
मॅडमनी पेनाला टोपण लावलं,
परत काढलं.
"पुन्हा असं वाटलं तर आधी मला फोन.
महिनाभर लिहून आणा. मग ठरवू, दोघं मिळून."

लिहिणं मला फार येत नाही. आलेख येतो.
एक रात्र, एक चौकोन. पोटरी वळली की काळा.
काल नागमणीनं चष्मा लावला,
बोट फिरवत एकोणीस मोजले.
किती रात्री मी पाणी प्यालो, तिला कळलं.
बराच वेळ कुकरकडं बघत राहिली.
मग म्हणाली, "ही नक्षी कोण घेणार?"
आणि माझी पेन्सिल
तासून ठेवली.