पुलाखालची घळ

सव्वासहाला निघालो, तेव्हा अनोपोलीत
बेकरीचा एकच दिवा जळत होता.
अर्गिरो साडेसात वर्षांची, सिफिसला पाचवं सरायचं,
माझ्या पाठीवर चार लिटर पाणी,
दोनदा भाजलेल्या पावाचे दगडासारखे तुकडे, ऑलिव्ह,
आणि एक सुका पायजमा. सिफिससाठी.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "लेकरं आहेत, शेळ्या नव्हेत."
"म्हणूनच नेतेय," मी म्हटलं.
उत्तर झकास जमलं होतं. त्याचा अर्थ मात्र
पहिलं वळण ओलांडलं तरी मला सापडला नव्हता.

खेचरांच्या नालांनी गुळगुळीत झालेली फरसबंदी,
नागमोडी, खाली, अजून खाली,
आणि डोक्यावर लोखंडी पूल, लाकडी फळ्यांचा.
वरून कुणाची तरी गाडी गेली
आणि अख्खी घळ कडाडली.
सिफिस मटकन बसला, कानांवर हात.
"आभाळ?"
"नाही रे, पाववाला स्तेलियोस."
मग दिवसभर कुठेही काही गडगडलं,
दगड घरंगळला, माझं पोट गुरगुरलं,
की तो मान डोलवून म्हणायचा, स्तेलियोस.

मला वडिलांनी आणलं होतं इथे, सहाव्या वर्षी,
हरवलेले दोन बोकड शोधायला.
तेव्हा शिड्या नव्हत्या, दोर होता,
आणि त्याला कुणी सहल म्हणत नसे.
एक बोकड सापडला. वडील परतताना
त्याच्याशीच बोलत होते. माझ्याशी नाही.

कण्हेरीच्या गुलाबी जाळीपाशी
आधी वास आला, मग ती दिसली.
कड्यावरून पडलेली शेळी, मान उलटी,
डोळ्यांच्या जागी माश्या.
बाजूने न्यावं म्हटलं मुलांना,
पण घळीला बाजू नसते.
दोन भिंती असतात, आणि मधे जे असेल ते.

सिफिसने नीट, सावकाश पाहून घेतलं.
"हिला आईने सांगितलं नव्हतं, घट्ट धर म्हणून?"
"शेळीला धरायला हात नसतात, राजा."
"मग आईने हिला आणलंच कशाला?"

पुढचा अर्धा तास
आम्ही तिघं फक्त पाय ठेवत गेलो.

शिडी आली. घराएवढ्या धोंड्याला
बोल्टांनी ठोकलेली, गंजकी, उभी.
मी सिफिसला पोटाशी बांधून आधी उतरले,
त्याला सावलीत बसवलं, हातात पावाचा तुकडा दिला,
परत चार पायऱ्या चढले आणि अर्गिरोची टाच धरली.
"सोड," ती वरून म्हणाली.
"तू धरलंस ना, की माझा पाय कुठेय
तेच मला कळत नाही."

सोडला.
तिच्या टाचेखाली एक वीतभर अंतरावर
माझे तळवे तसेच, उताणे.
एकेक पायरी ती उतरली तसे तेही उतरले,
भिकाऱ्यासारखे,
आणि त्यांत काहीच पडलं नाही.
खाली आल्यावर तिने गंज फ्रॉकला पुसला
आणि विचारलं, "अजून शिड्या आहेत?"
मला आहेत म्हणवेना, नाहीत म्हणवेना.

दुपारी दोनला समुद्र. आधी आवाज,
("स्तेलियोस," खांद्यावरून झोपेतलाच एक उद्गार)
मग निळी चीर, मग गोटे, पांढरे, तापलेले.
अर्गिरो कपड्यांसकट पाण्यात.
मी बूट काढले तेव्हा दिसलं,
अंगठ्याचं नख काळंनिळं. कधी ठेचलं, आठवेना.
होडी साडेचारची. तोवर मी कुणालाच धरलं नाही.

रात्री सासूबाईंनी सिफिसला मांडीवर घेऊन विचारलं,
"खरं सांग, किती वेळा पडलात?"
"आम्ही नाही पडलो," तो म्हणाला. "शेळी पडली."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पाठ करून पायजमा पिळत होते,
पाणी संपलं तरी.