दीड सेकंद

मागच्या बाकावर बसून पाठराबे मॅडमनी
माझी पहिली तासिका ऐकली, मोबाइलमधलं घड्याळ लावून.
नंतर अमरावती रोडच्या टपरीवर, चहा फुंकत, एवढंच म्हणाल्या,
"प्रश्न विचारल्यावर तू दीड सेकंद थांबतेस.
मग स्वतःच उत्तर देऊन टाकतेस.
पोरं बघत बसतात तुझ्याकडे, टीव्हीसारखं."

मला वाटलं होतं म्हणतील, फळ्यावरचं अक्षर बारीक आहे,
किंवा आवाज कूलरच्या वर जात नाही.
त्याची तयारी होती माझी.
रात्री होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला मी
डेक्कन ट्रॅप शिकवला होता, तीनदा,
आणि टाकीनं एकदाही शंका काढली नव्हती.

त्याआधी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं.
आम्ही चाळीस संशोधक, चार महिन्यांची फेलोशिप अडकलेली,
फायलीत एक पेन, एक पॅड, दुपारी एक समोसा.
पडद्यावर त्रिकोण, त्रिकोणात पायऱ्या,
तळाशी आठवणं, टोकाला निर्माण करणं.
मी सगळं उतरवून घेतलं.
शेजारच्या इतिहासवाल्यानं पॅडवर फक्त समोसा काढला,
आणि खरं सांगते, तो माझ्याहून बरा शिकवतो.

तर गुरुवार. बी.एस्सी. पहिलं वर्ष, ब बॅच.
एप्रिल. पारा त्रेचाळीस.
खिडकीपाशी ठेवलेले खडकांचे नमुने तव्यासारखे तापलेले.
दहीवले भाऊंनी ट्रे मांडले.
तीस वर्षं ते हे दगड मांडतात, पुसतात, मोजून परत घेतात.
जाता जाता म्हणाले, "नाव नका सांगू लगेच, मॅडम.
आधी हातात द्या. जड लागला का पोट्टे आपोआपच बोलते."

नमुना क्रमांक सतरा. काळा, बारीक कणांचा,
पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका, त्यावर आकडा पुसट.
मी विचारलं, "याच्याबद्दल काय सांगता येईल?"
आणि थांबले.

एक.
कूलर घरघरला.
दोन.
जिभेवर बेसॉल्ट आला होता, अख्खा,
लाव्हा, साडेसहा कोटी वर्षं, थंड होण्याचा वेग,
सगळं दातांआड दाबून धरलं.
तीन. कुणाची तरी पट्टी खाली पडली.
चार. पाच. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा
माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागला,
मी चेहरा खिडकीकडे नेला.
बाहेर कडुलिंबाखाली एक कुत्रं ओल्या मातीला पोट टेकून झोपलेलं.
सात का आठ, मोजणं चुकलं.

मग खेमलता कळंबे, काटोलकडची,
जी हजेरीलासुद्धा हात अर्धाच वर करते,
दगड या हातातून त्या हातात घेत,
दगडालाच सांगितल्यासारखी म्हणाली,
"हा विहिरीत लागला ना, का बाबा भाव वाढवते."

सगळे हसले. मीही हसणार होते.
"का वाढवतात?"
पुन्हा ते थांबणं. या वेळी किंचित सोपं.
"फुटत नाही लवकर. सब्बल उडते हातातून.
पण भेग सापडली तं पाणी तिथंच राहते."
मागून एकानं विचारलं, "मंग भेग पडते कशी?"
मला नव्हे. तिला.

तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.
तेव्हा कुठे मी खडू उचलला.

संध्याकाळी प्रपत्र भरायचं होतं.
'अध्यापनात वापरलेली पद्धत', जागा दीड ओळीची.
मी पेन धरून बसले.
पलीकडे दहीवले भाऊ दगड मोजत होते.
सतरा नंबर कमी भरला.

खेमलता दारात उभी, ओढणीच्या टोकात काहीतरी जड.
"मॅडम, सोमवारी आणून देतो.
बाबाले दाखवाचं आहे,
आपल्या गोट्याले इथं नंबर असते."

नमुना विभागाबाहेर जात नाही, नियम भिंतीवर चिकटवलेला.
भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग त्यांनी रजिस्टर मिटलं
आणि कूलरचं बटण बंद केलं.