खाली हाथ

नाव त्यानं सांगितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा.
पहिल्यांदा सित्राच्या पुलाखाली, रीळ किरकिरत असताना,
आणि मी म्हटलं, हां हां,
बहिऱ्यानं कीर्तनात मान डोलवावी तसं.
दुसऱ्यांदा शमालचं वारं होतं, नाव समुद्रावर गेलं.
तिसऱ्यांदा नीट ऐकू आलं,
पण तेवढ्यात दोरी ताणली
आणि एक शिंगाळा वर आला, मिशा हलवत.
शिंगाळा लक्षात आहे.

आता सात वर्षं झाली.
सात वर्षांनी माणसाला नाव विचारायचं
म्हणजे जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून
यजमानाला विचारायचं, आपण कोण?

गुरुवारी रात्री आम्ही नऊ-दहा जण असतो.
आठवडाभर ज्याचं त्याचं नाव गळ्यात लटकत असतं, फोटोसकट.
ते गाडीच्या आरशाला अडकवून आम्ही उतरतो.
तो पिवळी बादली.
त्याच्या पलीकडे गुडघेदुखी.
एक बहारीनी आजोबा, लागलेल्या माशाशी हळू आवाजात काहीतरी बोलून
मगच गळ काढणारे.
आणि कोळंबी सोलून देणारा कोल्लम,
ज्याच्या मुलीचे बारावीचे मार्क मला विषयवार पाठ आहेत.
फिजिक्समध्ये दोन गेले. आम्ही सगळेच हळहळलो.

माशांना मात्र तीन-तीन नावं.
मी बोय म्हणतो, आजोबा बियाह, कोल्लम तिरुता,
आणि वीतभर माशावरून
अर्धा तास वाद, थर्मासातला चहा संपेपर्यंत.

तर मागच्या शनिवारी,
सुपरमार्केटात, माशांच्या काउंटरसमोर,
बर्फावरच्या पापलेटाकडे बोट दाखवत असताना
पलीकडून आणखी एक बोट त्याच पापलेटाकडे.
बादली नव्हती म्हणून ओळखायला क्षण गेला.
इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. उजेडात तो किती म्हातारा दिसतो.

शलाकानं कोपर मारलं. ओळख करून दे, अशा अर्थाचं कोपर.
मी म्हटलं, "हे आपले..."
आणि 'आपले'वर थांबलो. बराच वेळ थांबलो.
तो त्याच्या बायकोला म्हणाला, "ये अपने..."
आणि तोही तिथंच.
दोन अनुभवी गडी, एकाच खडकात दोऱ्या अडकलेले.

सुटका केली त्याच्या पोरानं. सहा-सात वर्षांचा, ट्रॉलीत बसलेला.
"अब्बा, ये वोइच अंकल हैं ना? खाली हाथ?"

मासेवाल्यानं सुरी थांबवली.
शलाका इतकी हसली की तिला ट्रॉली धरावी लागली.
मग हसणं ओसरल्यावर, माझ्याकडे वळून,
"दर शुक्रवारी तू म्हणतोस ना, मिळाले होते, एकाला देऊन टाकले.
ते हेच का?"
तो माझ्याकडे बघत होता. मी पापलेटाकडे.
"जी भाभी," तो म्हणाला, "बहोत देते."

त्या एका खोट्यासाठी तरी
माणसाचं नाव माहीत असायला हवं.

म्हणून या गुरुवारी गाडीत तालीम केली.
भाई, बुरा मत मानना. पुन्हा एकदा. सिग्नलवर शेजारच्यानं बघितलं.
उतरलो तर तो पोराला घेऊन आलेला,
पोरगा टॉर्च धरून उभा, फार जबाबदारीनं.
मला मार्ग दिसला.
"नाम क्या है बेटा तेरा?"
"इर्तिज़ा."
"पूरा नाम?"
"इतनाइच है."
आणि मग, टॉर्च सरळ माझ्या तोंडावर मारून,
"आपका क्या है?"

गळाला कोळंबी लावणारे त्याच्या बापाचे हात
थबकले. मान वळली नाही, पण कान वळला.
पाणी सपाट. पुलावर एकही ट्रक नाही.
मी तीनही अक्षरं सुटी सुटी करून सांगितली, हे, रं, ब,
बालवाडीत सांगतात तशी.

"हां हां," तो म्हणाला,
आणि दोरी फेकली.