वाळूचं विरजण

मिरफ्याला वाळू दोन जातींची.
एक वाऱ्याची, तिला पत्ता नाही.
दुसरी सबख्यातली, खारावलेली,
वर पापुद्रा, खाली दगा.
मागच्या आठवड्यात इब्राहिम खतीबचा टँकर
तिच्यात आसापर्यंत रुतला.
"बाय, हिला जरा कायतरी शिकवा,"
म्हणाला तो, दाभोळच्या सुरात,
आणि रुतल्या चाकावर बसून डबा उघडला.

शिकवतेच आहे.
पीव्हीसीच्या नळीत वीतभर वाळू,
वरून थेंब थेंब जिवाणू,
मग युरिया आणि कॅल्शियमचं पाणी.
अहवालात याला लांबलचक नाव आहे.
मी विरजण म्हणते.
हात तोच लागतो:
कोमट आहे का बघायचं, धक्का लावायचा नाही,
आणि सारखं सारखं डोकावायचं नाही.

पहिल्या खेपेला घाई नडली.
सगळं तोंडाशीच बसलं, वर टणक साय,
खाली भुसभुशीत.
शम्सा अल मझरूई, माझी साहेब,
नळी उपडी करून मराठीत म्हणाली,
"दही नासलं."
हे दोन शब्द तिला मीच शिकवले होते.

दुसऱ्यांदा सावकाश. नऊ दिवस.
कंटेनरभर अमोनिया, थेट गोठ्याचा वास.
रात्री आकडे उतरवताना वाटायचं,
कोपऱ्यात कुणीतरी रवंथ करतंय.

दहाव्या दिवशी नळी चिरली.
वाळू उभी राहिली.
नळीच्या आतला ओरखडासुद्धा
अंगावर उमटवून.

अबू धाबीहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले.
कण जिथे कणाला टेकतो
नेमका तिथे चुना,
आणि चुन्यात बारीक पोकळ्या,
लांबट, एकेकाच्या मापाच्या.
शम्सा बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, दाबयंत्रात घाल.

घातला. मोडला. आकडा लिहिला.
बरा होता.

एक तुकडा उरला.
मीठ की चुना, याची साधी परीक्षा:
आम्लाचा एक थेंब.
फसफसला.
नऊ दिवस आत कोंडलेला
कितीजणांचा तो उच्छ्वास,
एवढासा आवाज करून
एसीच्या घरघरीत मिसळला.

दारातून इब्राहिम: "लागलं काय विरजण?"
लागलं, म्हटलं.
टँकर मात्र अजून लांबच ठेवा.