उरलेले नऊ

दशांश सोपा आहे, प्रभो.
दोनशे दिनार पगार, त्यातले वीस बाजूला.
महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी थैली फिरत येते,
नोटेची चार पदरी घडी घालायची, आत सोडायची.
हिशेब मिटला.

आमच्याआधी तमिळ मंडळीची उपासना,
त्यांच्या खुर्च्या अजून गरम असतात.
आमच्यानंतर तेलुगू, ते दाराबाहेर मुलं कडेवर घेऊन उभे.
मधला दीड तास आमचा. मराठी माणसं, मोजून अठ्ठावीस.
पाळक परवडत नाही, म्हणून घाटविसावे कंपाउंडर बोलतात,
औषधाची बाटली हलवून द्यावी तसे, हळू आणि नीट.
गेल्या वेळी म्हणाले,
त्याला पूर्ण मन लागतं. अर्धं नको, उष्टं नको.

तेव्हापासून मी मन शोधतोय.

एक तुकडा नेवाशाला, न पडलेल्या स्लॅबखाली,
गजांना गंज चढतोय तिथं.
एक तुकडा शमुवेलच्या गणिताच्या मार्कांत.
एक ग्रेसीच्या आवाजात, जो फोनवर
"बरं आहे" म्हणतो आणि बरा नसतो.
एक फोरमनच्या नावानं आत कुजतोय, त्याचा वास मलाच येतो.
महबूलाच्या खोलीत सहा जणांची सहा घड्याळं वाजतात,
मी पहाटे गुडघे टेकतो आणि पेंगतो.
तुझ्या वाट्याला काय येतं?
पातेल्याच्या बुडाची खरपूड.

परवा तोझ आला.
आकाश विटेच्या भुग्यासारखं, रस्त्यावर दिवसा दिवे.
साल्मियात चौथ्या मजल्यावर शेवटचं काम:
एका म्हातारीचा एसी, गार हवा देईना.
जाळी धुतली, पुढचं झाकण पुसलं, चकाचक.
मागची कॉइल मात्र धुळीनं लिंपलेली,
खोलायची तर तासभर. आणि पाठीत आधीच कळ.
बशीर म्हणाला, लाव उस्ताद झाकण, चल जाऊ.
मागच्या बाजूला कोण बघतंय, अल्लाशिवाय?

आणि हसला.
आणि मग त्याचं त्यालाच हसू थांबवावं लागलं.
झाकण माझ्या हातात होतं.
दोघांनाही ते लावता येईना.

खोललं.
ब्रशनं एकेक पाकळी, वरून खाली, वरून खाली.
पहिलं पाणी काळं गेलं, दुसरं चहासारखं,
तिसऱ्याला बशीरनं बादली धरली आणि काही बोलला नाही.
एक वाकलेली पत्ती मी चिमट्यानं सरळ केली,
मग शेजारची, मग तिच्या शेजारची.
म्हातारी ताक घेऊन आली, दाराशीच उभी राहिली.
चौथं पाणी नितळ आलं.

तेव्हा ध्यानात आलं:
तासभर स्लॅब आठवला नव्हता,
फोरमन नव्हता, मार्क नव्हते.
प्रार्थनाही नव्हती, एक शब्दसुद्धा.
फक्त हात, पाणी, पत्र्याची बारीक धार,
आणि कुणीतरी बघतंय याचं न घाबरवणारं भान.
तूच होतास ना?
विचारतोय, कारण मला सवय नाही.

खोटं नाही सांगणार.
रात्री ग्रेसीशी स्लॅबवरूनच वाजलं,
तिनं फोन ठेवला, मी भिंतीकडे तोंड केलं.
सकाळी पुन्हा तुकडे, पुन्हा खरपूड,
पुन्हा गुडघ्यांवर पेंग.

आज पहिला शुक्रवार.
थैली आली. लाल मखमलीची, कडेला उसवलेली.
वीसची नोट आत सोडली,
आणि हात बाहेर काढला नाही.
मनगटापर्यंत आत, तसाच ठेवला,
चटके, ग्रीस, नखांतली तोझाची धूळ, सगळं घेऊन.

घाटविसावे वाकून कुजबुजले,
"मोड हवीय का, भाऊ?"

नको, म्हटलं.
पुरते घ्या.