नऊ नंबरची कळ

रात्री लोकेशने मला न विचारता 'हो' म्हटलं.
हो आणि नंतर, अशी दोनच बटणं होती म्हणे,
आणि त्याला घरी जायचं होतं.
सकाळी शटर वर केलं तर पडद्यावर
कुठला तरी बर्फाचा डोंगर,
बाहेर पारोळ्याचं त्रेचाळीस.

फोटोचं सॉफ्टवेअर उघडायचं,
स्वतःचं नाव सांगण्यापुरतं थांबायचं,
आणि मांडवातून सटकणाऱ्या फुगलेल्या जावयासारखं
गुपचूप निघून जायचं.
काय बिनसलं तेही सांगेना.

आधी वडिलांचा उपाय केला: बंद करून चालू.
मग जळगावच्या शिरीषचा, फोनवर:
उजवं क्लिक, जुन्या सिस्टिमसारखं चालव.
मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उपटला,
इन्व्हर्टरच्या लाल दिव्यावर एक डोळा ठेवून
पुन्हा घातला.
अकराला उघडलं. उघडंच राहिलं.
लोकेशने कानबाईला जोडतो तसे हात जोडले.

पण रंग गेले होते.
नवरदेवाचा फेटा जांभळा, हळद हिरवट,
वऱ्हाडातले सगळे काविळीतून उठल्यासारखे.
पेनाला हाताचा जोर कळेना,
हलकं टेकवलं तरी काजळाची रेघ दाव्याएवढी जाड.
प्रिंटर तर हातभर अंतरावर बसून
ओळखच दाखवेना.

पडद्याचे रंग मोजायचं यंत्र असतं. माझ्याकडे नाही.
रईसभाईच्या गाडीवरून एक केळं आणलं,
पिकलेलं, देठाशी अजून हिरवं.
त्याचा फोटो काढला,
केळं पडद्याशेजारी धरलं
आणि पिवळा पिवळ्याला भेटेपर्यंत
एकेक पट्टी सरकवत बसलो.
करड्यासाठी लोकेशच्या डब्यातली कळण्याची भाकरी.
लालसाठी त्याचाच तळहात.
हिरव्याची खात्री करणार
तेवढ्यात केळं त्याने खाल्लेलं.

दुपारी उखाआप्पा आले.
उद्या गंधमुक्ती, फोटो आजच पाहिजे.
द्वारकाबाई, कानबाईच्या मिरवणुकीत, डावीकडून चौथी,
डोक्यावर पदर, एक कान कुणाच्या तरी खांद्यामागे.
तिला तिथून बाहेर काढायचं,
मागे साधा निळा.

मी सवयीने नऊ नंबरची कळ दाबली.
नऊ नंबर म्हणजे गोरं करणं.
चौदा वर्षांपूर्वी मीच बसवलेलं:
सावल्या उचल, चेहरा गुळगुळीत कर, गालांवर दूध ओत.
एरंडोलपासून धुळ्यापर्यंतच्या किती नवऱ्या
या एका कळीखालून सासरी गेल्या.

कळ दाबली. काहीच झालं नाही.
पुन्हा दाबली.
अपडेटने माझ्या सगळ्या सवयी
कुठल्या तरी अडगळीत लोटलेल्या.

"आप्पा, जरा थांबा. गोरं करायचं बटण सापडत नाही."

आप्पांनी चष्मा पुसला, घातला,
पडद्याच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ आली.
"कसाले रे भाऊ?" म्हणाले,
"ती तशीच व्हती."

पेन नव्हतं, म्हणून माऊसने कापली,
बटेबटेने, दीड तास.
खांद्यामागचा कान
दुसऱ्या कानाला उलटवून बसवला.
मोठं करून पाहिलं तर हनुवटीवर
गोंदणाचे तीन ठिपके.
माझ्या कळीने ते डाग समजून पुसले असते.
आधी किती पुसले, कुणाला ठाऊक.

प्रिंटर काढून पुन्हा जोडला, तेव्हा संध्याकाळी बोलला.
आप्पा कागद वाळेपर्यंत उभेच.
पैसे सुट्टे होते, मोजून दिले.

मग लोकेश म्हणाला, सापडला भाऊ तो फोल्डर,
जुन्या सिस्टिमच्या कचऱ्यात आहे,
दहा दिवसांनी आपोआप पुसला जाईल असं म्हणतंय.
टाकू परत?

रविवारी मोराण्यांचा अल्बम द्यायचाय.
नवरीच्या मावशीचा दोनदा फोन येऊन गेला,
जरा उजळ करा हं.

बघू, म्हटलं.
दहा दिवस आहेत ना.
फेटा तेवढा अजून जांभळाच येतोय.